कोठार आणि मुली: केडगाव, १८९७

१८९६ साल संपत आलं तेव्हा पंडिता रमाबाईंच्या हिशेबाच्या वहीत जेमतेम सव्वा वर्ष शिल्लक होतं. पुण्यातल्या शारदा सदनाचा, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमशाळेचा, खर्च अमेरिकेतून, बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येत होता. डिसेंबर १८८७ मध्ये ती संस्था स्थापन झाली तेव्हाच मुदत ठरली होती, दहा वर्षं. म्हणजे १८९८ नंतरचा भरवसा नाही. यावर रमाबाईंनी काढलेला तोडगा अगदी शेतकरी डोक्याचा होता. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, दौंडच्या अलीकडे, केडगाव स्टेशनजवळ त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी पाडल्या आणि संत्री, लिंबं, आंबे लावले. झाडं फळाला आली की सदनातल्या विधवांना कुणाच्या वर्गणीकडे डोळे लावून बसायला नको.

बेत शहाणा होता. आजच्या कुठल्याही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीपुढे ठेवला तर एकमताने मंजूर होईल असा.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. मध्य प्रांत, वऱ्हाड, मुंबई इलाखा, उत्तरेकडचे प्रांत, सगळीकडे पिकं वाळली. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या सर्वांत वाईट होत्या. सदनात तेव्हा पन्नासएक जणी होत्या, पैसे मोजके होते, झाडं अजून लहान होती. इथे रमाबाईंनी काय करायला हवं होतं, हा या प्रकरणातला प्रश्न.

चंगळवादावरचं प्रवचन ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याच्या लेकीचं लग्न येतं. स्वतःची आवर्ती ठेव कुणालाच आठवत नाही. म्हणून हे प्रकरण मी निवडलं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला धनवान माणूस लबाड नाही, व्यसनी नाही, सावकारही नाही. त्याचं पीक भरपूर आलं, जागा पुरेना, तेव्हा जुनी कोठारं मोडून मोठी बांधायचं त्याने ठरवलं. आपल्या घरातल्या कुणी असं ठरवलं असतं तर आपण त्याला कर्तबगार म्हटलं असतं. दाखल्यात देव त्याला मूर्ख म्हणतो. उधळ्या माणसाला हा दाखला फारसा लागत नाही. तो लागतो नीट बेत आखणाऱ्याला, आणि १८९६ सालच्या रमाबाई नीट बेत आखणाऱ्या होत्या.

आधीचा दुष्काळ

त्यांचा निर्णय कळायला बावीस वर्षं मागे जावं लागतं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात त्यांनी पाठशाळा काढली आणि बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हे बंडच होतं. तीर्थाची जागा म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागली. पाहुण्याला विन्मुख पाठवायचं नाही हा धर्म. जमीन विकली गेली, कर्ज झालं आणि शेवटी सगळं कुटुंब पुराण सांगत देशभर पायी हिंडू लागलं. मिळेल त्यातलं पुष्कळसं दानधर्मात, ब्राह्मणभोजनात जाई. पुण्य साठवलं की देव प्रसन्न होईल अशी श्रद्धा होती.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात हे घर सापडलं. होतं नव्हतं ते विकून झालं. शेवटी रानातला पाला आणि रानफळं. पुढचं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे आणि ते वाचताना अजूनही पोटात कालवतं: लहानपणापासून शास्त्रं शिकलेल्या या माणसांना भीक मागायची लाज वाटत होती आणि अंगमेहनतीचं काम कुणाला येतच नव्हतं. वडिलांनी जलसमाधीचं मनात आणलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. जातीचा, विद्येचा अभिमान गिळून उच्चारलेलं त्या घरातलं ते पहिलं वाक्य असावं. तोवर उशीर झाला होता. वडील गेले, मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण कृष्णाबाई पटकीने गेली. उरलेली बहीणभावंडं भिजवलेले मूठभर दाणे मिठाशी खात उत्तरेकडे चालत राहिली. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात अंग पुरून घेतलं.

त्या घरात भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते. मागावर बसायला मात्र एकालाही येत नव्हतं. पुढे केडगावला काय झालं याची किल्ली मला इथे दिसते. ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी रमाबाईंना दोन गोष्टी पटल्या होत्या. पुण्यासाठी केलेलं दान देणाऱ्याला वाचवत नाही आणि हाताला काम नसेल तर डोक्यातल्या विद्येने पोट भरत नाही.

सदनाची लक्ष्मणरेषा

मधला काळ थोडक्यात सांगतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, १८८२ मध्ये वैधव्य आलं. पुण्यात आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिका. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ होतं. प्रत्येकीने आपापलं सोवळंओवळं पाळावं, चालकांनी धर्म शिकवू नये, अशी अट होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. मात्र रमाबाई रोज स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली आत येऊन बसल्या तर त्यांना उठवत नसत. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला होता आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. एका संस्थेवरच्या अविश्वासातून दुसरी चांगली संस्था उभी राहिली, असंही कधीकधी होतं.

तेव्हा दुष्काळ आला त्या वेळी रमाबाईंचं पुण्यातलं पुष्कळसं नाव गेलं होतं. उरलं होतं ते सदन, त्याची लक्ष्मणरेषा आणि बाग.

निर्णय

१८९७ च्या सुरुवातीला त्या मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळ संहितेनुसार सरकारने कामं काढली होती. अंगात बळ असेल त्याने खडी फोडायची, माती वाहायची आणि मजुरी घ्यायची. ज्याच्यात तेवढंही त्राण नाही त्याच्यासाठी गरीबखाने होते. कागदावर ही व्यवस्था वाईट नव्हती. पण रमाबाईंनी पाहिलं ते अहवालात येत नव्हतं. एकट्या पडलेल्या मुली आणि तरुण बायका या छावण्यांत कुणाच्याही हाती लागत होत्या. अन्नाच्या बदल्यात काय मागितलं जातं हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. दलाल फिरत होते. एका भाकरीवर मुलगी नेता येत होती.

आता त्यांच्यापुढचे मार्ग पाहा. एक, पैसे गोळा करून तिथल्या मिशनऱ्यांकडे पाठवायचे आणि आपण सदन सांभाळायचं. कुणी नावं ठेवली नसती. दोन, सदनाच्या नियमांत बसतील तेवढ्या, म्हणजे वरच्या जातीतल्या, मोजक्या विधवा आणायच्या. तीन, भेटतील त्या मुली आणायच्या. जात कुठलीही असो, विधवा असो नसो, पैसे पुढचं पुढे.

त्यांनी तिसरा मार्ग धरला. त्या फेरीत आणलेल्यांपैकी सुमारे तीनशे जणी त्यांच्याकडे राहिल्या. पन्नासांच्या घरात तीनशे.

याला मी नुसतं धाडस म्हणणार नाही. धाडसाची गोष्ट सांगताना आपण निवडीची गोष्ट झाकतो. रमाबाईंनी मुली आणि तरुण बायका उचलल्या. म्हातारे मागे राहिले, पुरुष मागे राहिले, तेव्हा मुलगेही मागे राहिले. कुणीतरी गाडीत चढलं आणि कुणीतरी फलाटावर उरलं. त्यांचा निकष समजण्यासारखा आहे, ज्यांना भुकेशिवाय आणखी एक धोका आहे त्या आधी. पण निकष होता, हे विसरू नये. गरिबांसाठी काम करणाऱ्याला ही कात्री रोज हातात धरावी लागते आणि प्रवचनात तिचा उल्लेख नसतो. 'सर्वांवर प्रीती करा' हे वाक्य गाडीच्या डब्यापाशी येऊन थांबतं, कारण डब्यात जागा मोजकी असते.

गोठा

पुण्यात आणखी एक संकट होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत सुरू झालेला प्लेग पुण्यात पोचला होता. एका घरात इतक्या मुली ठेवू नका, असा सरकारी हुकूम झाला. जायला जागा एकच, केडगावची बाग. राहायला घर नाही. आधी तंबू, गवताच्या झोपड्या. मग शेतीसाठी म्हणून एक मोठी गोठावजा इमारत उभी राहिली, बैलांना आणि धान्याला. तिच्यात मुली राहिल्या.

दाखल्यातला धनवान दाण्यांसाठी कोठार मोठं करतो. इथे कोठार झालं आणि त्यात माणसं निजली. योगायोग असेल. रमाबाईंनी हा दाखला मनात धरून काही केलं, असं मी म्हणत नाही. पण भांडवलाला हात घातला जातो तेव्हा तो कसा दिसतो, याचं यापेक्षा सरळ चित्र माझ्याकडे नाही. देताना आपण शिल्लक देतो. जुने कपडे, उरलेलं अन्न, महिन्याच्या शेवटी वाचलं तर काही. केडगावला उद्याची तरतूदच आजच्या पंगतीला बसवली गेली. आणि ती तरतूद रमाबाईंच्या चैनीची नव्हती, दुसऱ्या गरजू बायकांसाठीच होती. म्हणूनच निर्णय अवघड होता. सदनातली एखादी विधवा म्हणू शकली असती, बाई, ही बाग आमच्यासाठी होती ना?

आलेल्या मुलींची अवस्था कशी होती हे वर्णन करायचा मोह टाळतो. दुष्काळी पोरांचे फोटो त्या काळीही वर्गणी गोळा करायला वापरले जात. सांगण्यासारखं एवढंच की अन्न मिळाल्यावरही किती जणी दगावल्या आणि ज्या जगल्या त्यांना घास लपवून ठेवायची सवय सुटायला वेळ लागला असणार. सांभाळणाऱ्या होत्या सदनातल्याच जुन्या विद्यार्थिनी. ज्यांना समाजाने पांढऱ्या पायाची ठरवलं होतं त्याच आता कुणाचं डोकं विंचरत होत्या, कुणाच्या खरजेला औषध लावत होत्या, आणि जात विचारून हात लावायला सवड नव्हती. सदनाची लक्ष्मणरेषा ठराव करून पुसली गेली नाही. ती कामाच्या गर्दीत पुसली गेली.

पत्र

या प्रकरणातला एक भाग ख्रिस्ती चरित्रांत फार आवडीने सांगितला जात नाही. मला तो बागेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात रमाबाईंची एक मुलगी सरकारी रुग्णालयात गेली आणि त्या व्यवस्थेत तिचा माग लागेना. तिथल्या माणसाने तिला ठेवून घेतलं, असा रमाबाईंचा आरोप होता. त्यांनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून तो जाहीरपणे केला आणि तिथल्या बायकांच्या असुरक्षिततेबद्दल सरकारला जाब विचारला. साल लक्षात घ्या. जूनमध्ये रँडचा खून झाला, त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. पत्राची चर्चा थेट विलायतेतल्या पार्लमेंटपर्यंत गेली आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने आरोप फेटाळले. रमाबाईंचा सगळा खर्च परदेशी ख्रिस्ती लोकांच्या पैशांवर चालत होता. राज्यकर्ते ख्रिस्ती होते. गप्प बसण्यासारखी इतकी कारणं एका माणसापाशी क्वचितच जमतात.

याच दुष्काळात सार्वजनिक सभा आणि 'केसरी' वेगळं काम करत होते. दुष्काळ संहितेत तुमचा हक्क काय आहे, पीक बुडालं तर सारामाफी कशी मागायची, हे ते गावोगाव शेतकऱ्यांना सांगत होते. पोरीला जेवायला घालणं आणि बापाला त्याचा हक्क सांगणं, ही एकाच संकटाची दोन टोकं. टिळक आणि रमाबाई एकमेकांचे विरोधक असल्यामुळे ही टोकं एका हाताशी आली नाहीत, याची मला हळहळ वाटते. पुढे आपल्या मंडळ्यांनी रमाबाईंचं अर्धंच उचललं. अनाथाश्रम काढले, दवाखाने काढले, आणि पत्र लिहायची वेळ आली की 'आपण राजकारणात पडायचं नाही' म्हणून बाजूला झालो. बाजूला होण्याची किंमत आपल्याच लोकांनी मोजली आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. बौद्धांना तो १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्त्यांना आजही नाही. याबद्दल अर्ज, मोर्चे झाले, पण किती मंडळ्यांच्या रविवारच्या प्रार्थनेत हा विषय येतो?

मागावर

केडगावला रमाबाईंनी मुलींना बसवून खायला घातलं नाही. शाळा होती आणि सोबत काम होतं. शेती, गुरं, दूध, तेलाची घाणी, माग, शिवण, स्वयंपाक. पुढे छापखाना आला. त्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं बायका करत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी साध्या मराठीत केलेलं बायबल याच छापखान्यात छापलं गेलं. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन होतं, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. संपूर्ण वसाहतीचं नाव ठेवलं 'मुक्ती'. मराठी ख्रिस्ती बोलीत शब्द 'तारण'. रमाबाईंनी मात्र असा शब्द निवडला जो कुठल्याही पुराणिकाच्या मुलीला आपला वाटावा.

कामावरच्या या भराची एक उलटी बाजू आहे आणि ती मला आमच्या चर्चेत वारंवार भेटते. 'ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये', हे बायबलमधलं पौलाचं वाक्य आपण गरिबाच्या तोंडावर फेकतो. त्याला मासा देऊ नका, गळ टाकायला शिकवा, हेही ऐकवतो. रमाबाईंचा क्रम पाहावा. आधी जेवण, मग औषध, मग झोप, मग केस, मग अक्षर, मग माग. जेवणाला अट नव्हती. पौलही बोलतो 'इच्छा नाही' त्याच्याबद्दल, 'संधी नाही' त्याच्याबद्दल नव्हे. अनंतशास्त्र्यांच्या घरात आळशी कुणीच नव्हतं.

जे मिटत नाही

आता सर्वांत नाजूक भाग. आणलेल्या मुलींपैकी अनेकींचे बाप्तिस्मे झाले, काहींचे पहिल्या वर्षभरातच. शारदा सदन तटस्थ होतं, मुक्ती उघडपणे ख्रिस्ती. 'पोटासाठी बाटवल्या' हा आरोप तेव्हा झाला आणि आजही होतो.

ख्रिस्ती माणूस म्हणून या आरोपाकडे पाठ फिरवणं मला सोपं आहे. त्यांना मरणाच्या दारातून आणलं, तुम्ही तेव्हा कुठे होता, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. पण प्रश्न गप्प होत नाही. बारा वर्षांची मुलगी, आईबाप मेलेले, जिने भाकरी दिली तिचाच देव. तिच्या 'हो'ला किती वजन द्यायचं? आणि हा प्रश्न सर्वांत चांगला कळणारी व्यक्ती खुद्द रमाबाईच होत्या. वाँटेजला असताना त्यांना आसरा देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. तुमच्याकडे राहते म्हणून तुमच्या पंथाचं प्रत्येक मत मी डोळे मिटून मान्य करणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कुणाकडे गहाण ठेवली नाही. त्याच बाई पुढे शेकडो मुलींच्या पालक झाल्या, तेव्हा त्या मुलींनाही असा वाद घालायला जागा होती का?

माझं मत अर्धंमुर्धं आहे, तसंच मांडतो. रमाबाईंनी अन्नाचा सौदा केला असं मला वाटत नाही. ज्या विश्वासाने आपण जगलो तो आपल्या लेकरांना द्यावा, असं कुठल्याही आईला वाटतं तसं त्यांना वाटलं. पण आश्रम म्हणजे घर नव्हे. देणाऱ्याच्या हातात तिथे इतकी सत्ता असते की त्याच्या मायेलाही वजन येतं. घेणाऱ्याला नाही म्हणता येतं का आणि नाही म्हटल्यावरही त्याचं ताट तसंच राहतं का, एवढी एक कसोटी मी धरतो. मुक्तीत ती प्रत्येक वेळी उतरली असेल, असं छातीठोक सांगवत नाही.

या आरोपाचा आणखी एक पदर आमच्या घरात आहे. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग नगरकडच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या महार-मांग वस्त्यांतून आलेला आहे आणि त्यातले कितीतरी दुष्काळांच्या काळातच मंडळीत आले. 'पोटासाठी बाटले' हे आमच्या पणजोबांना म्हटलं गेलं. घरात आम्ही ते खोडून काढत वाढलो. मला आता वाटतं, खोडायची गरज काय? माणूस पोटासाठी आला. गावकुसाबाहेर ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला कुणीतरी पंगतीत घेतलं म्हणून आला. येशूमागे डोंगरावर जमलेले पाच हजारही भाकरीची गोष्ट ऐकूनच टिकले असणार. लाज त्यांच्या येण्याची नाही. पुढच्या तीन पिढ्यांत शिकून मास्तर, नर्स, कारकून, इंजिनिअर झालो आणि आता आपल्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवाराबाहेर झोपणाऱ्याला रखवालदाराकरवी उठवतो, त्याची असावी.

आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला लोक भाज्या, फळं, कोंबड्या, अंडी आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. चढाओढीने बोली लागते, पंधरा रुपयांचा नारळ हजाराला जातो, टाळ्या पडतात. मजा येते, मीही बोली लावली आहे. बायबलमधल्या लेवीय पुस्तकातला नियम वेगळा होता: शेताच्या कडेचं पीक कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. त्यात बोली नाही, टाळी नाही, देणाऱ्याचं नाव नाही. घेणाराही कुणापुढे हात पसरत नाही, स्वतः शेतात येऊन वेचतो. आपल्या लिलावात येते ती मालाची वरची पाटी. कडेचं पीक आपण आधीच कापून घेतलेलं असतं. प्रार्थनामंदिरातल्या पंख्यांच्या पात्यांवरही नावं असतात, अमुकतमुकच्या स्मरणार्थ. उन्हाळ्यात प्रवचन लांबलं की मी ती वाचत बसतो.

हे प्रकरण अभ्यासमंडळात मांडलं तेव्हा आमच्यातले निवृत्त बँक अधिकारी म्हणाले की बाईंचा निर्णय आर्थिक दृष्ट्या चुकीचा होता. भांडवल खाल्लं की संस्था बुडते. त्यांचं म्हणणं मला हसून उडवता येत नाही, कारण अशा बुडालेल्या संस्था मीही पाहिल्या आहेत. १८९८ मध्ये बॉस्टनची मुदत संपली, रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथे नव्याने संघटना उभी राहिली. मुक्तीचा खर्च मात्र ठरलेल्या वर्गणीशिवाय, येईल त्या देणग्यांवर चालला. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयाचा नमुना त्यांच्यापुढे होता. हे साधलं म्हणून आपण त्याला विश्वास म्हणतो. साधलं नसतं तर बेजबाबदारपणा म्हटलं असतं. तीनशे पोरी गोठ्यात झोपत होत्या त्या रात्री यातलं काय ठरणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एका ताईंनी वेगळंच विचारलं. बागेचं पुढे काय झालं? म्हटलं, झाडं वाढली, शेती वाढली, विहिरी आणखी खणाव्या लागल्या. 'मग ती विकायची संत्री?' त्या म्हणाल्या. 'इतक्या पोरी म्हटल्यावर विकायला उरली असतील का?'

बँकवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला आणि उगाचच दुसरं पान उलटलं.